गळ्याएवढे पाणी

फाटकाची कडी काढायला एकही हात मोकळा नाही, हे ध्यानात आले तेव्हा नयना आधी हसली आणि मग जागच्या जागी थिजली. दोन्ही हातांनी तिने फुलवालीची अख्खी बुट्टी कवटाळली होती. मोगरा, अबोली, मधूनच मरव्याच्या हिरव्या काड्या, वर केळीच्या पानाचा ओला तुकडा. पाणी ठिबकून पदर भिजला होता आणि सुगंध नाकात न मावता थेट कपाळात चढत होता. साडेसहाला ती निघाली होती ती एक मोळ मोगरा आणायला. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे माप. बंगलोरात गजरे त्याच मापाने विकतात. कोपऱ्यावरच्या फुलवालीने पहिला मोळ कापला, दुसरा कापला, आणि मग नयनाच 'अजून, अजून' म्हणत गेली. शेवटी ती बाई कौतुकाने म्हणाली, "सरी अम्मा, बुट्टीच घेऊन जा, सांजच्याला परत आणून दे." तेथून ती चालत आली असे म्हणणे हा सभ्यपणा झाला, खरे म्हणजे ती जवळजवळ धावत आली, गुणगुणत, रस्त्यातल्या कुत्र्याला सुद्धा सुप्रभात म्हणत. फाटकाशी कडी दिसली आणि कडीबरोबर एक शब्द दिसला. पुन्हा. ज्या घरात कुणी मनाने आजारी पडून उठलेले असते, त्या घरात 'पुन्हा' हा नुसता शब्द कधीच नसतो. तिने बुट्टी कठड्यावर ठेवली, डोळे मिटले, आणि स्वतःच्या छातीत चाललेली धडधड परक्या माणसाची ऐकावी तशी ऐकली. हा आनंद आहे की तो आजार आहे?

तेरा वर्षांपूर्वीही अशीच सकाळ होती. ती सव्वीस वर्षांची होती. चिकपेठेतल्या ओळखीच्या दुकानात तिने एका बैठकीत बेचाळीस साड्या निवडल्या, वडिलांचे नाव सांगितले, आणि दुकानदाराने मान लववून गठ्ठे बांधून दिले. त्या साड्या तिने रस्त्यावरच वाटल्या. भाजीवालीला दिली, भिकारणीला दिली, रिक्षातून उतरणाऱ्या अनोळखी बाईला दिली, आणि प्रत्येकीला सांगितले की आजपासून कुणी जुने नेसायचे नाही. मग चौकात उभे राहून तिने सिग्नलकडे पाहिले. तिने पापणी लववली की दिवा हिरवा होई. दोनदा नाही, चारदा नाही. तासभर ती तेथे उभी राहून सगळ्या शहराला वाट करून देत होती, आणि शहर मुकाट्याने तिचे ऐकत होते. पुढे पोलीस आले, भाऊ मालोजीअण्णा आला, इंजेक्शन आले, आणि त्यानंतर उतरणीचे महिने, ज्यात सकाळी वेणी घालायला हात वर उचलणे म्हणजे गच्चीवर घागर चढवणे झाले होते. तो आनंद खोटा होता असे डॉक्टर सांगतात, आणि ती मान डोलावते. परंतु त्याची चव ती विसरलेली नाही, हे तिने डॉक्टरांनाही कधी सांगितले नाही. तो आनंद खोटा असेल. त्याची चव खरी होती. आणि आज या फाटकाशी, मोगऱ्याच्या थेंबांनी भिजलेल्या पदरात, तीच चव जिभेच्या शेंड्यावर आहे की नुसती तिच्यासारखी आहे, हे ठरवायला या जगात तिच्याशिवाय दुसरे कोणीच नव्हते.

घरी असती तर ठरवायला अव्वा होती. गोजराबाई, तिची आई. शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात उतरलेले घराणे. साडेतीनशे वर्षांत वतने गेली, घोडी गेली, भाषेत निम्मी कानडी मिसळली, पण ताठ मान तेवढी कुणी मिसळू दिली नाही. अशा घराण्यात लेकीला वेड लागले असे म्हणत नाहीत. 'नयनाला जोर चढतो' एवढेच म्हणत, जणू ते पुराचे पाणी किंवा उन्हाळ्याचा ताप. आणि त्या पहिल्या वेळेनंतर गोजराबाईंनी लेकीच्या आनंदावर पहारा बसवला. नयना रडली तर कोणी येत नसे. रडणे हे बायकांचे रोजचेच. पण ती हसली, जरा मोठ्याने हसली, की गोजराबाई हातातले काम टाकून येत आणि तीन बोटांनी तिचे मनगट धरत. वैद्य धरतो तसे. डोळे डोळ्यांत रोखून. त्या बोटांखाली हसू कसे मावळते हे नयनाला पाठ झाले होते. अण्णाच्या लग्नात वरात दाराशी आली तेव्हा तिने नुसता ठेका धरला, तर तिला मधल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. वाजंत्री तिने भिंतीला कान लावून ऐकली. आणि मग ते गोडधोड. फार उशिरा, तेहतिसाव्या वर्षी, तिच्या ध्यानात आले की आपण आनंदात असलो की घरात केसरीभात, म्हणजे केशरी शिरा, होतो. सणवार नसतो, पाहुणा नसतो, तरी अव्वा वेलदोडे घालून केसरीभात करते आणि तिची वाटी वेगळी आणते. आणि संध्याकाळपर्यंत जीभ जड होते, बोटे थरथरतात, आनंद ओल्या गोधडीसारखा अंगावरून खाली घसरतो. फडताळात मागे एक बारकी बाटली होती. तिच्यातल्या थेंबांना रंग नव्हता, वास नव्हता, चव नव्हती. ती बाटली सापडली त्या दिवशी ती ओरडली नाही. तिने ती होती तेथेच ठेवून दिली आणि केसरीभात खाणे सोडले. जगाला गोड ते गोड असते. तिला गोड म्हणजे पहारा झाला.

या मोठ्या घरात ती आली त्याला दोन वर्षे झाली. मोठे घर हे नाव राहणाऱ्यांनीच पाडलेले. दवाखान्यातून सुटलेली, पण घरी जाऊन टिकतील असा भरवसा नसलेली पंधरा माणसे तेथे राहत. कोणाला मनाचा आजार, कोणाला दारूचा, कोणाला दोन्ही. येथे गोळ्या कोणी लपवून देत नसे. सात खणांचा डबा ज्याचा त्याच्याजवळ, आणि आपल्या हाताने खण उघडायचा. स्वयंपाकाची पाळी ज्याची त्याची. आणि रोज सकाळी आठला सतरंजीवर हजेरी. हजेरीत प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: झोप किती, गोळी घेतली का, आणि पाणी किती. हे पाण्याचे माप देवाप्पाने काढलेले. देवाप्पा मूळ बेळगावकडचा, होसकोटेच्या बाजूला विहिरी खणत असे. दारूने घर, बायको आणि दोन बोटे खाल्ली, तेव्हा येथे आला. पहिल्याच आठवड्यात मनाची अवस्था सांगा म्हटल्यावर तो चिडला होता. "मन मला दिसत नाही बाई, पाणी दिसतंय. पाण्याचं विचारा." तेव्हापासून घोटा, गुडघा, कंबर, गळा. कोरडे पडले तरी सांगायचे, कारण कोरड्या विहिरीतही माणूस मरतो. ज्याचे पाणी गळ्याला लागले त्याने त्या दिवशी एकट्याने बाहेर पडायचे नाही. आणि मोठा बेत असेल तर तो करायचा की पुढे ढकलायचा, हे हजेरी ठरवते.

आणि मोठा बेत आजच होता. एचएसआर लेआउटमध्ये, जेथे अजून घरांपेक्षा सर्व्हेचे दगड जास्त आहेत, तेथे संस्थेने एक तळमजला भाड्याने घेतला होता. तीन बायकांसाठी. नयना, सुनंदा आणि भव्या. कोणी पहारेकरी नाही, रात्रीची बाई नाही. आठवड्यातून दोनदा संस्थेचे माणूस डोकावणार, एवढेच. दाराला किल्ल्या तीन. पण अट अशी की तिघी तयार असतील तरच; एक गळाली तर घर दुसऱ्या संस्थेकडे जाणार, कारण घरमालकाला आजच्या मुहूर्तापुढे थांबायचे नव्हते. दहाला व्हॅन येणार. आणि नयनाचे पाणी गळ्याला लागले होते. चार तास झोप. फुलांची बुट्टी. कुत्र्याला सुप्रभात.

कडी आतून निघाली. सुनंदा होती, नागपूरची, पन्नाशीची, टायपिंगच्या नोकरीतून आजारपणापायी लवकर निवृत्त झालेली, आणि स्वभावाने उन्हाळ्यातल्या नागपूरसारखीच कोरडी.

"कोणाचं लग्न?" ती बुट्टीकडे पाहत म्हणाली.

"माझंच समज."

"मुलगा कोण?"

"किल्ली," नयना म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सुनंदाताई, मी हे सगळं का आणलं मला कळत नाही. मला एक मोळ हवा होता."

सुनंदाने तिला नीट पाहिले. मनगट धरले नाही. बुट्टीतला एक गजरा काढला, स्वतःच्या आखूड केसांत खोचून पाहिला, तो घसरला. "माझ्या डोक्यावर मोगरासुद्धा टिकत नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हजेरीत कंबर म्हण. मी काही पाहिलं नाही. फुलं मंदिरातून आली म्हणू. नयना, मला ते घर हवंय गं. मला खिडकीशी बसून कोणी 'काय झालं, काय झालं' न विचारता एक कप चहा प्यायचाय. दोन वर्षं मी एवढंच मागतेय."

हे खरे होते, आणि म्हणूनच कठीण होते. खोटे एकट्याच्या सुखासाठी बोलायचे असते तर नयनाने ते कधीच टाळले असते. पण येथे दुसरीचा चहा होता, भव्याला हवी असलेली खिडकी होती. ती फुले कापीत बसली. एकेका बाईला हातभर, देवाप्पाच्या गणपतीला हातभर. कात्री चालत होती आणि मन पुढे पळत होते: दाराला हिरवा रंग, खिडकीतून मोकळे माळरान, स्वतःचा झाडू, स्वतःचा आरसा, आणि मोठ्याने हसले तर भिंतीपलीकडून कोणी न येणे. तिच्या पोटात गुदगुल्या होत होत्या. तीसेक वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीच्या सकाळी व्हायच्या तशा. तेव्हा कोणी म्हणत नसे की या पोरीला जोर चढला. सहलीची सकाळ सगळ्या मुलांना सारखीच चढते. मग हा आनंद तेव्हाचा, की चौकातला? तिने चौकातली ती बाई आठवून पाहिली, पापणी लववणारी. त्या बाईने असा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. पण प्रश्न विचारणे हीसुद्धा त्या आजाराची नवी युक्ती असली तर? या विचाराने घाम फुटला, आणि त्या घामाखालीही आनंद तसाच उकळत राहिला.

साडेसातला रिक्षा थांबली आणि आवाज आधी आत आला. "एवढं स्वल्प अंतर, आणि हा मला अर्ध्या बंगलोरचं दर्शन घडवून आणतो! जा, जा, नीट चालव पुढच्याला." गोजराबाई उतरल्या. इरकलीचा जांभळा पदर डोक्यावर, पाठ अडुसष्टाव्या वर्षीही भाल्यासारखी, हातात दोन डबे. जे माणूस मोठे घर सोडून जाते त्याच्या घरच्यांनी त्या दिवशी हजेरीला येऊन बसावे, अशी येथली रीत होती. मालोजीअण्णाने कामाचे निमित्त सांगितले होते. अव्वा मात्र आली होती.

"फुलांचं दुकान काढलंस?" असे म्हणत गोजराबाईंनी डबे खाली ठेवले आणि, जसे श्वास घ्यावा तसे, तीन बोटांनी लेकीचे मनगट धरले. नयनाने ते सोडवले नाही. दोघींच्या मध्ये ती नाडी पळत होती. गोजराबाईंचा चेहरा बदलला नाही. फक्त ओठ आत ओढले गेले. "झोप झाली का?"

"झाली थोडी."

"थोडी म्हणजे?"

"अव्वा, हजेरीत सांगेन."

"आईला सांगायला आता हजेरी लागते. आयतु, झालं." त्यांनी मोठा डबा सुनंदाकडे सरकवला. "हे सगळ्यांना." आणि छोटा लेकीपुढे धरला. "हा तुझा. केसरीभात. तुला वेलदोडा जास्त लागतो म्हणून निराळा केला. आधी खाऊन घे, मग बसू."

छोट्या डब्याचे झाकण घट्ट होते, तुपाची कड बाहेर आली होती. सहा वर्षांनी तो वास. जिभेला पाणी सुटले आणि पाठीच्या कण्यातून थंडी गेली, दोन्ही एकाच क्षणी. तिला वाटले, खावा. खाल्ला तर दुपारपर्यंत सगळे शांत होईल. हजेरीत 'कंबर' म्हणता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. अव्वाचे थेंब, सुनंदाचा चहा, सगळ्यांचेच भले. फक्त ज्या घरात जायचे तेथे जाणारी नयना नसेल, तिची गोधडी असेल. "नंतर," ती म्हणाली आणि डबा कडेला ठेवला. गोजराबाईंनी डब्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच, तिला आठवते तेव्हापासून पहिल्यांदाच, त्यांची नजर आधी खाली गेली.

हजेरीला सतरंजीवर सगळे गोलाकार बसले. गोजराबाईंनी खुर्ची मागितली. हजेरी चालवणारी आसावरी म्हणून मुलगी होती, पुण्याची, नुकतीच शिकून आलेली; ती म्हणाली, "आजी, सॉरी, पण इथे सगळे खालीच बसतात. नियम आहे."

"नियम मीच करत आले आजवर," गोजराबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून अशा काही खाली बसल्या की सतरंजीलाच मान मिळाला.

पाळी फिरू लागली. देवाप्पा: झोप सात तास, गोळी घेतली, गुडघा. भव्या, जी कोणाकडे पाहून बोलत नसे: झोप आठ, गोळी घेतली, गुडघा, आणि जमिनीकडे पाहून, "खिडकी मला." सुनंदा: झोप सहा, गोळी घेतली, घोट्याच्या स्वल्प वर, आणि हे सांगताना तिने नयनाच्या मांडीला मांडी टेकवली. मग नयनाची पाळी. 'कंबर' हा शब्द तोंडात तयार होता, गोळीसारखा, गिळायचा की थुंकायचा एवढेच उरले होते. तिला एकाएकी दिसले की हा शब्द बोलला तर नव्या घरात चौथे बिऱ्हाड राहील. रोज सकाळी तो तिच्या आधी उठेल. आणि ती हसली की तोच येऊन मनगट धरेल.

"झोप चार तास," ती म्हणाली. "गोळी घेतली. पाणी गळा. एक मोळ फूल आणायला गेले आणि बुट्टी घेऊन आले. मला फार आनंद झालाय. मला भीती वाटते की तो आजाराचा आहे." सुनंदाची मांडी बाजूला झाली. नयनाने पुढे रेटले, "पण मी लपवणार नव्हते. म्हणजे, लपवणार होते. आता नाही."

आसावरी वहीवर पेन टेकवून थांबली. देवाप्पा मात्र पुढे सरकला. त्याच्या तीन बोटांच्या हाताने त्याने सतरंजीवर एक गोल काढला, विहिरीचा. "नयनाक्का, गळा झाला, बरं. मला हे सांग, पाय टेकतात का?"

"म्हणजे?"

"पाणी गळ्याला असून तळाला पाय असले तर माणूस उभा असतो. नुसता भिजतो. पाय सुटले तर कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो. मी बुडालोय, मला म्हाइती हाय. आता पुढच्या दोन घटकांत काय करणार ते सांग. सवडीनं सांग."

तिने डोळे मिटले. तळाशी पाय चाचपावा तसे मन खाली सोडले. "दहाला व्हॅन. आधी ही बुट्टी त्या बाईला परत पाठवायची, ती सांजपर्यंत थांबेल पण तिच्याकडे दुसरी बुट्टी नाही. स्वयंपाकघरात बल्ब नाही, वाटेत घ्यायचा. भव्याला खिडकीची जागा, ती अंधाराला घाबरते. मी दाराशी झोपेन. रक्ताची तपासणी परवा आहे, तोपर्यंत मी जेवणातलं मीठ कमी-जास्त करायचं नाही, त्यानं गोळीचा अंमल बदलतो. आणि..." ती अडली. "आणि आज संध्याकाळी मी झोपले नाही तर सुनंदाताईंनी इथे फोन करायचा. मी नको म्हटलं तरी."

"टेकतात," देवाप्पा म्हणाला आणि मागे सरला, जणू दोर वर ओढून घेतला.

तिला गिरकी आली. आनंदाची. ती चौकातली बाई कोणाला म्हणाली असती की माझे ऐकू नका, फोन करा? सगळ्या शहराचे दिवे हिरवे करणारीने एक बल्ब आठवला असता? आनंद तोच होता, तितकाच उंच. पण त्याच्या खाली फरशी होती, आणि ती फरशी तिच्या तळव्यांना गार लागत होती.

"रक्त उद्याच तपासू," आसावरी म्हणाली. "मी आठवडाभर रोज सकाळी येईन. आणि एकटीनं बाहेर नाही. मला ओके वाटतं. बाकीच्यांना?" हात वर झाले. सुनंदाचा सगळ्यांत शेवटी, पण कोपरापर्यंत सरळ. "आता पाहुण्यांची पाळी. आजी, तुमचं पाणी किती?"

"मला काय विचारता? मी इथली नव्हे."

"सतरंजीवर बसल्यावर सुटका नाही अक्का," देवाप्पा म्हणाला. "जमीनदार असो की विहीरवाला."

कोणाला घाई नव्हती. नयनाने आईचे हात पाहिले. ती तीन बोटे मांडीवर एकमेकांना धरून होती, जणू स्वतःचीच नाडी शोधत होती.

"त्या छोट्या डब्यात थेंब आहेत," गोजराबाई म्हणाल्या. आवाज तोच, हुकमाचा. फक्त हुकूम स्वतःला होता. "पाच. काल फोनवर हिचा आवाज हसरा होता. मी रात्रीच घातले."

आसावरीचा चेहरा लाल झाला. "आजी, हे चालणार नाही. हे अजिबात..."

"चालणार नाही हे ठाऊक नसतं तर सांगितलं असतं का?" गोजराबाईंनी मान वर केली. "मुली, तेरा वर्षं मी हिचं हसू मोजलं. चौकातून आणली तेव्हा हिच्या पायांत चप्पल नव्हती, आणि ही मला म्हणाली, अव्वा, तुला काय हवं ते माग. पुन्हा ते नको, म्हणून मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक. ती चौघांत बसून चार तास म्हणाली. मी एकटी राहून पाच थेंब कशाला लपवू?" मग लेकीकडे न पाहता म्हणाल्या, "गळा. लिहा."

राग यायला हवा होता. नयनाने तो आत शोधला. होता, कोपऱ्यात, जुना, बाटलीएवढा. पण त्याच्या कितीतरी वर ही दुसरी गोष्ट चढली: अव्वाने मोजलेले आज पहिल्यांदा मोठ्याने सांगितले होते. तिने छोटा डबा उचलला आणि आसावरीच्या हाती दिला. "टाकून दे. आणि डबा घासून आण, अव्वा तो विसरणार नाही." सुनंदा खुदकन हसली, कोरड्या माणसाचे हसणे, खोकल्यासारखे. आणि नयनाही हसली, मोठ्याने, दात दिसेपर्यंत. गोजराबाईंचा हात हलला आणि सतरंजीचा काठ धरून राहिला.

गोजराबाईंनाही घेऊन व्हॅन लेआउटमध्ये पोहोचली तेव्हा अकरा वाजले होते. लाल माती, चुन्याने आखलेले रिकामे प्लॉट, लांबवर पाण्याचा टँकर, आणि मधोमध हिरव्या दाराचे घर. भव्या धावत जाऊन खिडकीशी उभी राहिली. आसावरीने तीन किल्ल्या तीन हातांत ठेवल्या. नयनाने आपली किल्ली कुलपात फिरवून पाहिली, दोनदा, चारदा, आणि कुलूप प्रत्येक वेळी नुसत्या कुलपासारखे वागले, याचा तिला कोण आनंद झाला. वरून घरमालकीण आली, कानडीत म्हणाली की दुसरे काही करा न करा, नव्या घरात पहिले दूध उतू गेलेच पाहिजे. पूर्वेला सांडले तर उत्तम.

नव्या शेगडीवर नवे पातेले. सगळ्याजणी भोवती उभ्या. दुधापाशी गोजराबाई आपोआपच पुढे झाल्या, कारण दूध तापत असले की त्यांनी पुढे व्हायचे असते. साठ वर्षांत त्यांच्या चुलीवरून एक थेंब ओघळला नव्हता, सुनेला त्या हे दिवसातून एकदा ऐकवत. कडेने फेस जमू लागला. मधली साय थरथरली, वर आली, फुगली. फेस पातेल्याच्या काठाला लागला आणि गोजराबाईंचा हात शेगडीच्या खटक्याकडे गेला. त्यांना कळण्याआधी गेला. बोटे खटक्यावर टेकली. तेथेच थांबली.

"करू का बंद?" त्यांनी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीची परवानगी विचारली, आणि विचारताना त्यांच्या आवाजाला ते सवयीचे नव्हते.

पांढरे दूध काठावर उभे होते.

"थांब अव्वा," नयना म्हणाली, "स्वल्प. मी सांगते."